इथेनॉल वाढवलं की गाडी ऐन जोरात दम टाकते: पी००८७ कोड कुठून येतो आणि कसा जातो

तक्रार ठरलेली असते. गावात गाडीची काही कुरकुर नाही. कोल्हापुरात दसरा चौकातली गर्दी असो की रंकाळ्याचा रस्ता, सगळीकडे गुणी. तावडे हॉटेलपाशी हायवेला लागून पाय तळापर्यंत दाबला की पहिला सेकंद-दीड सेकंद ती जोरात खेचते आणि मग ओढ एकदम संपते. कधी झटका बसतो, कधी नुसताच पोकळपणा जाणवतो, पाठोपाठ चेक इंजिनचा दिवा आणि लिंप मोड, म्हणजे गाडी स्वतःच जोर आवरून घेते. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा शहाणी. स्कॅनर लावला की कोड दिसतो पी००८७, म्हणजे इंधन रेलमधला (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीतला) दाब हवा त्यापेक्षा कमी. जोडीला कधी पी०१७१, मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी.

मग नेहमीची फेरी सुरू होते. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, इंजेक्टर क्लीनरची बाटली ओतली, कोड पुसला. आठवडाभर बरं गेलं आणि पुढच्या रविवारी कोड पुन्हा हजर. गाडी बहुतेक वेळा टर्बो डायरेक्ट इंजेक्शनची (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी), ट्यून केलेली (इंजिनाच्या संगणकातला मॅप बदलून पॉवर वाढवलेली), आणि टाकीत पेट्रोलसोबत जादा इथेनॉल. अशा गाडीत पुष्कळदा काहीच बिघडलेलं नसतं. इंधन पुरवठ्याची हद्द संपलेली असते, आणि हद्द संपली हे कळल्याशिवाय कितीही पार्ट बदलले तरी कोड जात नाही. ती हद्द तीन जागी असू शकते. तिन्हींची लक्षणं वेगळी आहेत, आणि लॉग (गाडी चालताना सेन्सरांच्या आकड्यांची नोंद) नीट वाचला तर कुठली आहे ते घरबसल्या कळतं.

लोक इथेनॉल का घालतात हे आधी सांगून टाकतो. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास. शिवाय त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थेट सिलिंडरमध्ये फवारलं की आतली हवा चांगलीच गार होते. नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) मागे सरकतं, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे नेता येतं, बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) वाढवता येतो. फायदा खरा आहे, त्यात वाद नाही. आणि आपल्या जिल्ह्यात तर गळीत हंगामात अर्ध्या गावांना मळीचा वास येतो, इथेनॉलचं नाव कुणाला नवीन नाही. त्यामुळे मोहही इथं जरा जास्तच.

किंमत लिटरमध्ये मोजावी लागते

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. हवा तेवढीच असेल तर इंधन जास्त ओतावं लागणार. इथेनॉल थोडं जड आहे, तो फरक वजा करून लिटरमध्ये हिशोब मांडला तर बिनइथेनॉलच्या पेट्रोलच्या तुलनेत ई१० ला (म्हणजे १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) साधारण ३.५ टक्के जास्त इंधन लागतं, ई२० ला ७.५, ई३० ला १२, ई४० ला १६ आणि ई८५ ला जवळपास ४३ टक्के.

यातला ई२० चा आकडा आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. २०२५ मध्ये देशाचं मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं, आता पंपावर साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं ते हेच. म्हणजे तुम्ही वरून एक थेंब इथेनॉल घातलं नाही तरी पंप आणि इंजेक्टर साडेसात टक्के जास्त काम करतायत. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा गाडीला ते पेलतं, तिच्यात तेवढी शिल्लक असते. पण स्टेज २ चा (जास्त पॉवरचा) मॅप टाकून ती शिल्लक आधीच खाल्लेल्या गाडीला हेच साडेसात टक्के नडतात. बाहेरच्या देशातला एखादा ट्यूनर 'स्टॉक पंपावर अमुक पॉवर आरामात' म्हणतो तेव्हा त्याच्या टाकीत बहुधा ई१० किंवा त्याहून कमी असतं.

दुसरी फसगत मिक्सिंगच्या तक्त्यात होते, आणि ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसते. इंटरनेटवरचे तक्ते ई१० पेट्रोल आणि ई८५ धरून बनवलेले असतात. त्यांच्या हिशोबानं ५० लिटरच्या टाकीत ई४० करायला २० लिटर ई८५ आणि ३० लिटर पेट्रोल. आता तोच तक्ता इथं वापरा. आपलं पेट्रोल ई२०. आणि मार्च २०२४ पासून काही पंपांवर ई१०० नावानं जे मिळतं त्यात इथेनॉल साधारण ९३ टक्के, उरलेलं थोडं पेट्रोल आणि को-सॉल्व्हंट. २० लिटर हे आणि ३० लिटर आपलं पेट्रोल म्हणजे टाकीत झालं ई४९. मालकाच्या डोक्यात ४०, मॅपच्या डोक्यात ४०, टाकीत मात्र ४९. बरोबर आकडा होता १३.७ लिटर. सूत्र सोपं आहे: हवं असलेलं टक्केवारीतलं इथेनॉल वजा पेट्रोलमधलं इथेनॉल, भागिले ई१०० मधलं वजा पेट्रोलमधलं. म्हणजे २० भागिले ७३, साडेसत्तावीस टक्के.

ई१०० हे फ्लेक्स फ्युएल (जास्त इथेनॉलवरही चालतील अशा बनवलेल्या) गाड्यांसाठी आहे, हेही लक्षात असू द्या. इतर गाडीत घातलं तर वॉरंटी विसरायची. इंजिनात बदल केले तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि विमा कंपनी दोघेही प्रश्न विचारू शकतात. आणि 'कारखान्यातून स्पिरिट आणून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. एक तर ते महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याचं काम आहे. दुसरं, रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. इंधनाचं इथेनॉल पाणी काढून टाकलेलं असतं, ते वेगळं. पाच टक्के पाण्याचं स्पिरिट पेट्रोलमध्ये ओतलं की मिश्रण फाटायचा धोका, आणि फाटलं की खालचा पाणी-इथेनॉलचा थर आधी पंपाच्या तोंडी जातो.

लॉग काढण्याआधी टाकीत काय आहे ते बघा

गाडीत फ्लेक्स सेन्सर (इथेनॉलचं प्रमाण मोजणारा) असेल तर काम सोपं. प्रचलित सेन्सर ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो, त्यातून ५० वजा केले की इथेनॉलची टक्केवारी. ९० हर्ट्झ म्हणजे ४० टक्के. इंधनात पाणी असेल तर हा आकडा फुगतो, म्हणून बेभरवशाचं इंधन भरल्यावर सेन्सर अचानक जास्त दाखवू लागला तर खूश होऊ नका.

सेन्सर नसेल तर लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून १०० मिलीचं मोजपात्र आणा, अरुंद, खुणा स्पष्ट असलेलं. १० मिली पाणी घ्या, त्यावर टाकीतलं ९० मिली इंधन. तोंड बंद करून चांगलं हलवा, सपाट जागी ठेवा आणि पाच-दहा मिनिटं हात लावू नका. आधी सगळं दुधाळ दिसतं, मग हळूहळू मधोमध रेघ पडते. इथेनॉल पाण्याकडे जातं, पेट्रोल वर राहतं. खालचा थर २८ मिलीच्या आसपास आला तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे ९० मध्ये २० टक्के. दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतं, कारण पाणी आणि इथेनॉल मिसळल्यावर एकूण माप किंचित आटतं. पण ४० आणि ४९ यातला फरक कळायला एवढं पुरेसं आहे. हे मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-सिगारेट नको. शुद्ध इथेनॉलची ज्योत उन्हात धड दिसतही नाही.

ई४९ निघालं तर निम्मं निदान इथंच झालं. टाकी साध्या पेट्रोलवर आणा, पुन्हा चालवा. कोड आला नाही तर पुढचं सगळं वाचायची घाई नाही.

लॉगमध्ये काय काय घ्यायचं

रेल प्रेशर टार्गेट आणि प्रत्यक्ष. लो प्रेशर, म्हणजे टाकीतल्या पंपाकडून येणारा दाब, टार्गेट आणि प्रत्यक्ष. रेलमधला दाब तयार करणाऱ्या हाय प्रेशर पंपाला दिलेली कमांड, गाडीनुसार ही अंशात किंवा टक्क्यांत येते. इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ मिलिसेकंदात. लॅम्डा (हवेचं प्रमाण; बरोबर मिश्रण म्हणजे १, त्याच्या वर लीन) टार्गेट आणि प्रत्यक्ष, फ्युएल ट्रिम (ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या संगणकानं, इंधनात केलेली दुरुस्ती), आरपीएम, टॉर्क किंवा लोड, बूस्ट, टायमिंग करेक्शन. मोबाइलवरची फुकटातली अ‍ॅप एवढे चॅनल एका वेळी भरभर घेत नाहीत. सेकंदाला एखादीच नोंद आली तर ज्या अर्ध्या सेकंदात सगळा तमाशा होतो तोच निसटतो. कमी चॅनल घ्या, पण वेगानं घ्या.

एएफआर (हवा-इंधन प्रमाण) नको, लॅम्डाच बघा. पेट्रोलच्या हिशोबाचा गेज ई४० वर १४.७ दाखवतो तेव्हा त्याचा अर्थ लॅम्डा १ एवढाच, आणि १४.७ विरुद्ध १२.४ (ई४० चं खरं प्रमाण) वर वाद घालण्यात संध्याकाळ जाते. पूर्ण दाबल्यावर टर्बो गाडीत लॅम्डा ०.८ ते ०.८८ च्या पट्ट्यात असतो. टार्गेट ०.८२ असताना प्रत्यक्ष ०.९५ कडे निघाला तर पाय उचला, आकडा पुढे बघत बसू नका. भर बूस्टमध्ये लीन गेलेलं इंजिन पिस्टन वितळवायला फार वेळ घेत नाही.

लॉग शक्यतो डायनोवर (गाडी जागेवरच चालवून पॉवर मोजायच्या यंत्रावर) काढा. रस्त्यावर काढायचा तर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. या गाड्या तिसऱ्यात रेडलाइनला पोचेपर्यंत कायद्याच्या वेगमर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेल्या असतात, आणि पुणे-बंगळूर महामार्गावर ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह कुठल्या लेनमधून येईल ते कुणी सांगावं.

तीन हद्दी

इथं एक गोष्ट डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं जातं. टाकीतला पंप किती इंधन देतो ते ताशी लिटरमध्ये, म्हणून त्याची हद्द जिथं पॉवर सगळ्यात जास्त तिथं लागते. हाय प्रेशर पंप कॅमशाफ्टवर चालतो, दर फेऱ्याला ठरावीकच इंधन ढकलतो, म्हणून त्याची हद्द जिथं टॉर्क सगळ्यात जास्त तिथं, बऱ्याचदा मधल्या आरपीएमलाच. इंजेक्टरला लागतो वेळ, आणि आरपीएम वाढेल तसा वेळ आटतो, म्हणून त्याची हद्द रेडलाइनकडे. दाब कुठल्या आरपीएमला पडला हा पहिला धागा. पक्कं मात्र लॉगच करतो.

टाकीतला पंप

क्रँकला ५०० हॉर्सपॉवर काढणाऱ्या इंजिनाला पेट्रोलवर ढोबळ मानानं ताशी १६० ते १७० लिटर इंधन लागतं. ई८५ वर तेच २३० च्या पुढे, मिनिटाला जवळपास चार लिटर. स्टॉक पंप एवढ्यासाठी बनवलेला नसतो.

लॉगमधली खूण अशी: आधी लो प्रेशर खाली येतो, मग काही क्षणांनी रेल प्रेशर. क्रम महत्त्वाचा. लो साइडला पाच-सहा बारचं टार्गेट असताना प्रत्यक्ष तीनच्या खाली घसरला की हाय प्रेशर पंपाला खेचायला भरीव इंधनच मिळत नाही, आत वाफेचे बुडबुडे होतात. विहिरीचं पाणी तळाला गेलं की वरची मोटर दहा हॉर्सपॉवरची असली तरी हवाच ओढते, तसला प्रकार. कोड मात्र पी००८७ च येतो, कारण ईसीयूला शेवटी रेलमधला दाब कमी दिसतो. काही गाड्या सोबत पी००८ए देतात, तो लो साइडचा. तो दिसला तर देवाचे आभार माना.

शाहूपुरीतल्या एका दादांची गाडी याचसाठी उद्यमनगरात आली होती. तीन लिटर, सहा सिलिंडर, टर्बो. आधीच्या ठिकाणी महागडा मोठा हाय प्रेशर पंप बसवून झाला होता, कोड जैसे थे. मिस्त्रींनी विचारलं, "दादा, लो साइडचा आकडा कुठाय?" "तो कशाला? नवा पंप टाकलाय की." लॉग पुन्हा काढला. ६१०० आरपीएमला लो प्रेशर ५.८ वरून २.६ वर, आणि त्याच्या पाठोपाठ रेल २०० वरून १२५ बारवर. मोठा पंप बसवल्यानं उलट लो साइडवरची ओढ वाढली होती. टाकीतला पंप उघडला तर त्याच्या कनेक्टरची एक पिन काळी पडलेली, प्लॅस्टिक किंचित वितळलेलं. पूर्ण लोडवर पंपापाशी व्होल्टेज मोजलं तर बॅटरीपेक्षा दीड व्होल्ट कमी. पंप तोच ठेवला, वायर आणि कनेक्टर बदलले, लो साइड सरळ रेषेत आली.

म्हणून पंप मागवण्याआधी लोडवर पंपाच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंग, अर्थिंग, रिले किंवा पंपाचं कंट्रोल मॉड्यूल. मग फिल्टर. पहिल्यांदा इथेनॉल वाढवलं की टाकीत आणि लाइनमध्ये वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. बऱ्याच नव्या गाड्यांत फिल्टर टाकीतल्या पंपाच्या मॉड्यूलमध्येच असतो, त्यामुळे तो कुणाच्या आठवणीतच नसतो.

कोड फक्त घाटात येत असेल, आंबा घाटात किंवा गगनबावड्याला उतरताना, तर इंधनाची पातळी बघा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या कित्येक गाड्यांची टाकी खोगिरासारखी दोन कप्प्यांची असते, मधून प्रोपेलर शाफ्ट जातो. एका कप्प्यातलं इंधन जेट पंप दुसरीकडे ओढतो. पाव टाकीच्या खाली लांब वळणावर इंधन एका बाजूला जातं आणि पंप क्षणभर कोरडा पडतो. अर्ध्या टाकीवर तोच घाट करून बघा. कोड गेला तर खर्च शून्य.

पंप खरोखरच अपुरा ठरला तर इथेनॉलला चालणारा, जास्त क्षमतेचा घ्या. इथेनॉल वीज वाहून नेतं आणि काही धातू-रबरांना खातं, त्यामुळे साध्या पेट्रोलचा स्वस्त पंप वर्षभरात माघारी येतो.

हाय प्रेशर पंप

इथली खूण उलटी. लो प्रेशर सरळ रेषेत, पंपाची कमांड कमाल मर्यादेला टेकलेली, आणि तरीही रेल घसरतोय. बहुतेक वेळा ३५०० ते ५००० आरपीएमच्या मध्ये, जिथं टॉर्कचा डोंगर आहे तिथं. वर जाता जाता टॉर्क कमी होतो तसा रेल प्रेशर सावरतानाही दिसतो. असं सावरणं दिसलं की बहुधा दोषी हाच.

पंपाचं गणित शाळेतलं आहे. समजा १० मिमी व्यासाचा पिस्टन, ४ मिमी लिफ्ट (पिस्टनची उचल) आणि कॅमवर तीन लोब (उंचवटे). दर कॅम फेऱ्याला ०.९४ मिली. गळती आणि न भरलेली जागा वजा केली की हातात ०.८ मिलीच्या आसपास. सहा सिलिंडरमध्ये वाटलं की प्रत्येकाला दर चक्राला ०.१३ मिली. गाडी पार्किंगमध्ये असो की हायवेला, यापेक्षा जास्त येणार नाही. कमांड कितीही वाढवा.

व्यास १० चा ११ केला तर क्षेत्रफळ वर्गानं वाढतं, म्हणून २१ टक्के जास्त इंधन. तीन लोबचा चार लोब केला तर एक तृतीयांश जास्त. दोन्हीला किंमत आहे. ३५० बारवर १० मिमीच्या पिस्टनचा जोर जवळपास २७५० न्यूटन, ११ मिमीला तोच ३३०० च्या पुढे, आणि तो सगळा टॅपेट आणि कॅमच्या लोबवर येतो. फोक्सवॅगन-ऑडीच्या जुन्या २.० टीएफएसआय इंजिनात पंप चालवणारा कॅम फॉलोअर (कॅम आणि पंप यांच्यामधला तुकडा) घासून जायचा, ते प्रकरण या छंदातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. रोलर असलेल्या नव्या इंजिनात धोका कमी, पण मोठा पंप बसवल्यावर फॉलोअर तपासणं आणि तेल वेळेआधी बदलणं सोडू नका.

माझ्या मते इथला सगळ्यात चांगला उपाय फुकटातला आहे, आणि तोच लोकांना आवडत नाही: मधला टॉर्क छाटा. या पंपाची हद्द टॉर्कला बांधलेली आहे, पॉवरला नाही. मॅपमध्ये ३००० ते ४५०० च्या पट्ट्यात बूस्ट थोडा खाली घेतला, टॉर्क दहा टक्के कमी केला, तर वरची पॉवर जवळपास तशीच राहते आणि रेल प्रेशर टार्गेटला चिकटतो. गिअरबॉक्सही दुवा देतो. डायनोच्या कागदावर टॉर्कचा मोठा आकडा मिरवायचा असेल तर मग पंप घ्या, पण लो साइड आधी पुरी करून.

हे काम घरी करणाऱ्यांसाठी एक सक्त सूचना. रेलमधला दाब इंजिन बंद केल्यावर लगेच उतरत नाही, आणि २०० बारची बारीक धार कातडीत शिरते. रात्रभर थंड होऊ द्या, स्कॅनरवर दाब उतरल्याची खात्री करा, मगच पाना लावा. हाय प्रेशरची पाइप एकदा काढली की बऱ्याच कंपन्या ती नवीनच टाकायला सांगतात, तिथं काटकसर नको.

इंजेक्टरची वेळ

ही हद्द त्या मानानं क्वचित दिसते, पण ई५० च्या पुढे गेलं की दिसतेच. पोर्ट इंजेक्शनमध्ये (फवारा सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत) इंजेक्टर जवळपास पूर्ण चक्रभर उघडा राहू शकतो. ६५०० आरपीएमला चक्र १८.५ मिलिसेकंदांचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये फवारा इनटेक स्ट्रोकपासून कॉम्प्रेशनच्या सुरुवातीपर्यंतच चालतो, ढोबळ २५० अंश. म्हणजे साडेसहा मिलिसेकंदांच्या आत सगळं. त्यापुढे फवारलं तर मिसळायला वेळ उरत नाही, इंधन सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, तिथून तेलात उतरतं.

खूण: रेल प्रेशर टार्गेटला पक्का, लो साइड पक्की, तरी इंजेक्टरचा वेळ सहाच्या वर चढत जातोय आणि लॅम्डा वरच्या टोकाला लीन. रेल पडत असेल तर मात्र इंजेक्टरला दोष देऊ नका. दाब २०० वरून १२० वर आला की इंजेक्टरमधून इंधन २२ टक्के कमी जातं, ईसीयू ती तूट वेळ वाढवून भरते, आणि लॉगमध्ये इंजेक्टर अपुरा असल्याचा देखावा होतो. आधी रेल, मग इंजेक्टर.

काही ट्यूनर रेलचं टार्गेट वाढवतात. इंधन दाबाच्या वर्गमुळानं वाढतं, म्हणून २०० चे २५० केले तरी हातात येतात फक्त १२ टक्के, आणि हाय प्रेशर पंपावरचा भार पाव पटीनं वाढतो. थोडी सोय म्हणून ठीक, तोडगा म्हणून नाही. मोठे डायरेक्ट इंजेक्टर मिळतात, पण आयडलिंगला त्यांना फार थोडं इंधन अचूक द्यावं लागतं आणि तिथं गाडी खोकायला लागते. ई८५ वर मोठी पॉवर हवीच असेल तर इनटेक मॅनिफोल्डवर वेगळे पोर्ट इंजेक्टर बसवणं हा माझ्या दृष्टीनं सरळ मार्ग. त्यांना टाकीतल्या पंपाचा दाब पुरतो, हाय प्रेशर पंपाचं ओझं हलकं होतं, आणि इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनही कमी साचतो. काही गाड्यांत कंपनीच दोन्ही प्रकारचे इंजेक्टर देते. टोयोटाची डी-४एस त्यातलीच.

नड नसताना येणारा पी००८७

साध्या पेट्रोलवर, स्टॉक मॅपवर, शांत चालवतानाही कोड आला तर वरचं काहीही लागू नाही. तो खरा बिघाड: मरायला टेकलेला पंप, अडकलेला कंट्रोल व्हॉल्व्ह, चुकीचं वाचणारा रेल सेन्सर किंवा गळती. इंजिन सकाळी थंड असताना, चालू करण्याआधी इग्निशन ऑन करून रेल सेन्सरचा आकडा बघा. रात्रभर उभ्या गाडीत तो लो प्रेशरच्या आसपास असायला हवा. तिथंच ४०-५० बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर आधी तपासा.

फ्युएल ट्रिमवरही एक शब्द. इथेनॉल सेन्सर नसलेल्या, बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर बेतलेल्या गाडीत ई२० वर अधिक सात-आठ टक्के ट्रिम दिसणं नैसर्गिक आहे, त्यासाठी व्हॅक्यूम लीक शोधत बसू नका. पंचवीसच्या आसपास गेला की ईसीयूची मर्यादा आली, तिथून पुढे ती सांभाळू शकत नाही.

राहिला आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर या गाड्या बहुतेक घरांत झाकून उभ्या असतात, टाकीत अर्ध्याला आलेलं उन्हाळ्यातलं मिश्रण. इथेनॉल हवेतली ओल धरतं, कमी टक्क्यांचं मिश्रण थोड्याशा पाण्यानंही फाटतं आणि पाणी तळाला बसतं. गणपतीच्या आसपास गाडी बाहेर काढली की पहिल्याच जोरात पी००८७. गाडी उभी करायची असेल तर जादा इथेनॉल संपवून साध्या पेट्रोलनं टाकी गळ्यापर्यंत भरा, आत हवा कमी राहील तेवढी ओल कमी. काढताना पहिल्या दिवशी पूर्ण पाय दाबायच्या आधी मोजपात्रात नुसतं इंधन घेऊन अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी उपसा, फिल्टर बदला, आणि पंपातून शेवटचा पाण्याचा अंश जाईपर्यंत रेस तीन हजाराच्या खाली ठेवा.